दुखण्याचा पत्ता

उंदराच्या मेंदूत विषाणू सोडला की तीन आठवडे थांबावं लागतं. विषाणूनं पेशीत शिरायचं, केंद्रकापर्यंत पोचायचं, कवच उतरवायचं, मग त्याच्या एकेरी डीएनएला जोडीचा धागा मिळायचा, त्यावरून प्रथिन बनायचं आणि ते पेशीच्या पडद्यात जाऊन बसायचं. हे सगळं त्याच्या गतीनं होतं. मी रोज सकाळी खाली जाऊन पिंजरे बघून येते. टाके सुकले का, वजन उतरलं नाही ना, टाकलेला कापूस पिंजून घरटं बांधलंय का. घरटं बांधणारा उंदीर बरा असतो. अंग दुखत असलं, मळमळत असलं की तो कापूस तसाच पडू देतो.

या तीन आठवड्यांत मला हमखास आत्ती आठवते.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. विट्याजवळच्या एका गावात तिचं सगळं आयुष्य गेलं. 2009 साली तिच्या स्तनाचा कर्करोग मणक्यात उतरला, तेव्हा मी कोल्हापुरात एमएस्सीला होते. हाडातलं दुखणं कसं असतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं. तिला कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची आणि वळवून झाल्यावर ती आम्हालाच म्हणायची, “दमलासा का रं?”

मॉर्फिन हवं होतं आणि ते मिळत नव्हतं. तिच्यावर जिथे उपचार चालू होते त्या दवाखान्यात ते ठेवतच नसत. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याखाली वेगवेगळे परवाने लागत आणि ते सगळे एकाच वेळी चालू असावे लागत. त्यापेक्षा न ठेवलेलं बरं, असा बहुतेकांनी हिशेब केलेला. तो कायदा पुढे 2014 मध्ये सैल झाला. नीमच-मंदसौरकडच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू पिकते, तिच्यापासून मॉर्फिन बनतं, परदेशी जातं, आणि माझे बाबा दोन आठवड्यांच्या गोळ्यांसाठी रात्रीच्या एसटीनं मुंबईला जाऊन दुसऱ्या रात्री परत येत होते. याचा राग मला अजून येतो.

गोळ्या आल्या आणि आत्तीला झोप लागली. चार-पाच दिवसांनी मी गेले तेव्हा तिनं मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, “गोळी घेतली की दुखणं जातंय गं. पण त्याच्यासंगं मी बी जातो.”

आमच्याकडच्या बायका ‘जातो’च म्हणतात. तिला म्हणायचं होतं ते मला तेव्हा अर्धंच कळलं. गोळीनंतर ती तासन्‌तास गुंगीत असायची, पोट दगडासारखं व्हायचं, बोलता बोलता शब्द निसटायचे. संध्याकाळी पाचला तिचा नातू शाळेतून यायचा आणि तिच्या उशाशी बसून पाढे म्हणून दाखवायचा. तेवढ्यासाठी दुपारची गोळी ती चुकवायची. सतराचा पाढा पूर्ण होईपर्यंत तिच्या कपाळावर घाम यायचा, आणि तो चुकला तर ती दुरुस्त करायची.

परीक्षेसाठी मी त्याच आठवड्यात ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचे, रिसेप्टर वाचत होते. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यात बसलेलं प्रथिन, ज्याला बाहेरून येऊन रेणू चिकटतो आणि आत निरोप जातो. मॉर्फिन ज्याला चिकटतं त्या ‘म्यू’ रिसेप्टरच्या पेशी मणक्यात आणि मेंदूत दुखण्याच्या वाटेवर आहेत. त्याच आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंमध्येही आहेत, म्हणून पोट थांबतं. श्वासाची लय राखणाऱ्या, मेंदूच्या देठातल्या पेशींवर आहेत, म्हणून डोस वाढला की श्वास मंदावतो. उत्तरपत्रिकेत मी याची नीट आकृती काढली. आत्तीचं वाक्य आणि ती आकृती एकच आहे हे कळायला मला पुढची काही वर्षं लागली.

औषध म्हणजे दवंडी. ती ज्याच्यासाठी आहे त्याच्याबरोबर साऱ्या गावाला ऐकू जाते. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्त सगळीकडे जातं. दुखण्याला पत्ता असतो, गोळीला नसतो.

आता मी बाल्टिमोरमध्ये काम करते. या शहरात 1973 साली कॅन्डेस पर्ट नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीनं, सॉलोमन स्नायडर यांच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या प्रयोगशाळेत, ओपिऑइड रिसेप्टर खरोखर असतो हे दाखवलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि उप्साला इथे लार्स टेरेनियस यांनीही ते दाखवलं. पत्ता असणारच, असं त्याआधी कितीतरी वर्षांपासून लोकांना वाटत होतं. केंब्रिजच्या लँगलींनी 1905 मध्ये निकोटिन आणि क्युरारे नावाचं विष कोंबडीच्या स्नायूवर लावून पाहिलं होतं. मज्जातंतू तोडला तरी निकोटिननं स्नायू आखडतो आणि क्युरारे ते थांबवतं, तेव्हा स्नायूतच काहीतरी ‘घेणारं’ असलं पाहिजे असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. पण ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. पर्टनी आधी मॉर्फिनच्या जवळचा किरणोत्सारी रेणू वापरून पाहिला, तो जमला नाही. मग त्यांनी नॅलॉक्सोन घेतलं. नॅलॉक्सोन त्याच रिसेप्टरला घट्ट चिकटतं पण आत निरोप देत नाही, नुसतं जागा अडवून बसतं. उंदराच्या मेंदूचा लगदा, त्यात किरणोत्सारी नॅलॉक्सोन, गाळणकागदावरून झटपट गाळणं आणि धुणं, आणि कागदावर किती किरणोत्सार उरला ते मोजणं. पाच वर्षांनी या शोधासाठी लास्कर पुरस्कार दिला गेला तेव्हा त्यांच्या गुरूंचं नाव होतं, पर्ट यांचं नव्हतं. त्यांनी त्याचा जाहीर निषेध केला, आणि बरं केलं असं मला मनापासून वाटतं.

तेच नॅलॉक्सोन आज माझ्या पाठपिशवीत नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात असतं. या शहरात ओपिऑइडच्या अतिसेवनानं माणसं बसथांब्यावर निळी पडतात. 2023 पासून हा फवारा अमेरिकेत चिठ्ठीविना मिळतो. एक रिसेप्टर, आणि दोन गावं: एका गावात तो भरून वाहतोय, दुसऱ्यात एका गोळीसाठी रात्रीची एसटी. माझं काम या दोन्ही गावांसाठी आहे असं मी मानते.

पत्त्यावर पोचवायचं कुणी, तर विषाणूनं. त्याला एवढंच एक काम येतं. मी वापरते तो विषाणू एएव्ही, अॅडिनो-असोसिएटेड व्हायरस. 1965 मध्ये अॅडिनोव्हायरस या दुसऱ्या, मोठ्या विषाणूचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना मोठ्या कणांमध्ये सांडलेल्या मोहरीसारखे बारीक कण दिसले, तो हाच. पंचवीस नॅनोमीटरचा. साठ प्रथिनं जोडून झालेलं कवच आणि आत जेमतेम 4,700 अक्षरांचा डीएनए. एकट्याला वाढताही येत नाही, दुसऱ्या विषाणूचा आधार लागतो. 1982 मध्ये ज्यूड सॅमुल्स्की आणि सहकाऱ्यांनी त्याचा सगळा डीएनए प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूत वाढवता येणाऱ्या डीएनएच्या गोल कड्यात, घेतला. मग कळलं की दोन्ही टोकांचे छोटे तुकडे ठेवले तर मधला मजकूर पूर्ण काढून आपला घालता येतो. विषाणूचं स्वतःचं एकही जनुक उरत नाही. लिफाफा त्याचा, पत्र आपलं.

बाबांनी फोनवर विचारलं होतं, “आम्हाला दंडात दिली ती लस म्हणजे तुझाच विषाणू का?” माझा नाही, त्याचा थोरला सोबती. पुण्यात बनलेली कोविशिल्ड ही चिंपांझीच्या अॅडिनोव्हायरसवर बसवलेली लस. तिच्या एका डोसात सुमारे पन्नास अब्ज कण होते आणि शरीरात एकालाही वाढता येत नव्हतं. व्हेक्टर, म्हणजे जनुक वाहून नेणारा विषाणू, हा शब्द न ऐकलेल्या कोट्यवधी माणसांनी तो दंडात घेतलाय. ती लस ज्या पेशीवंशात वाढवली गेली त्यातच माझा एएव्ही वाढतो, हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.

त्या पेशी एचईके293. लायडनमध्ये 1973 साली फ्रँक ग्रॅहम यांनी एका गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत अॅडिनोव्हायरसचा डीएनए घातला. तो त्यांचा 293 वा प्रयोग, म्हणून हे नाव. तेव्हापासून त्या वाढतायत. सोमवारी मी गुलाबी द्रवात पसरलेल्या या पेशींना तीन प्लाझ्मिड देते: एकात माझा मजकूर, दुसऱ्यात कवचाचा आराखडा, तिसऱ्यात आधार देणाऱ्या विषाणूची जनुकं. गुरुवारी पेशी फोडायच्या. मग नळीत आयोडिक्सॅनॉल या जड द्रवाचे चार थर एकाखाली एक, हात न थरथरता, आणि तासाभराहून जास्त वेळ अल्ट्रासेंट्रिफ्यूज. भरलेले कण खालच्या दोन थरांच्या सीमेवर जमतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. नळीला बाजूनं सुई टोचून अंदाजानं तेवढाच द्रव ओढून घ्यायचा. पांढुरक्या पट्ट्याला सुई लागली तर पेशींचा कचरा आणि रिकामी कवचं येतात. शेवटी हातात अर्धा मिलिलिटर द्रव उरतो, पाण्यासारखा, आणि मोजणी सांगते की एका मिलिलिटरला दहा लाख कोटी कण आहेत. दहा-दहा मायक्रोलिटरच्या नळ्या करून त्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये जातात. इतकी वर्षं झाली तरी झाकण लावताना मी श्वास रोखते.

विषाणूलाही शिरायला दार लागतं. 1998 मध्ये वाटलं, दार सापडलं: हेपॅरन सल्फेट, पेशीच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्या. एएव्ही-2 त्यांना चिकटतो हे खरंच आहे. पण आत घेणारं प्रथिन वेगळं निघालं, ते 2016 मध्ये स्टॅनफर्डमध्ये सापडलं. म्हणजे आम्ही अठरा वर्षं ओटीला दार समजत होतो, आणि तोवर या विषाणूनं माणसांवरच्या चाचण्याही गाठल्या होत्या. औषधाचा रिसेप्टर आणि विषाणूचा रिसेप्टर यांचा अभ्यास वेगवेगळ्या विभागांत होतो, परिषदाही वेगळ्या भरतात. मला ती एकच गोष्ट वाटते: कोण कुणाला आत घेतं आणि घेतल्यावर काय होतं.

गोळीचा एक मोठा गुण मात्र विषाणूत नाही. गोळी उतरते. आत्तीची गोळी चार तासांत उतरायची, म्हणून तर पाढे ऐकता यायचे. मेंदूच्या पेशीत गेलेलं जनुक परत मागवता येत नाही. जेसी गेल्सिंगर अठरा वर्षांचा होता. यकृतात अमोनियाचा निचरा करणारं एक एन्झाइम त्याच्यात कमी होतं, पण पथ्य आणि औषधांवर त्याचं बरं चाललं होतं. जनुकोपचाराच्या त्या चाचणीचा त्याला स्वतःला उपयोग नव्हता, ज्या बाळांना हा आजार तीव्र असतो त्यांच्यासाठी तो उभा राहिला. 13 सप्टेंबर 1999 ला पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात त्याच्या यकृताच्या रोहिणीत अॅडिनोव्हायरसचा मोठा डोस गेला. त्याच्या शरीराचा प्रतिकार इतका उसळला की एकेक अवयव बंद पडत गेला, आणि 17 सप्टेंबरला तो गेला. दवंडी थांबवता येते. टपाल एकदा पेटीत पडलं की पडलं. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी मी पिपेट देत नाही, जेसीबद्दल सांगते.

म्हणून ब्रायन रॉथ यांच्या गटाचं 2007 मधलं काम वाचलं तेव्हा मी उठून उभी राहिले होते. त्यांनी आपल्या शरीरातला ॲसिटिलकोलीन या मज्जातंतूंच्या निरोप्याचा एक रिसेप्टर घेतला, यीस्टमध्ये त्याची हजारो बदललेली रूपं वाढवली, आणि असं रूप निवडलं जे ॲसिटिलकोलीनला दाद देत नाही पण शरीरात नसलेल्या एका रेणूला देतं, क्लोझापिन-एन-ऑक्साइडला. दोन जागी अमिनो आम्ल बदललं की काम झालं. या रिसेप्टरांना ड्रेड म्हणतात. विषाणूनं तो ठरलेल्या पेशींत पोचवायचा. तिथे तो गप्प बसून राहतो. तो रेणू दिला की जागा होतो, रेणू उतरला की परत गप्प. पत्ता विषाणूचा आणि माघार गोळीची. त्यातला एचएम4डीआय हा प्रकार पेशीला ज्या यंत्रणेनं शांत करतो, तीच यंत्रणा म्यू रिसेप्टरही वापरतो. म्हणजे मॉर्फिन जे काम साऱ्या शरीरात करतं, ते मला हव्या त्या मूठभर पेशींतच करता येणार होतं.

माझ्या पेशी मध्यमेंदूत आहेत, पीएजी नावाच्या भागात. इथून मणक्याकडे उतरणाऱ्या वाटा दुखण्याचा निरोप वर येण्याआधीच अडवू शकतात. एरवी तिथल्याच काही पेशी या वाटांना दाबून ठेवतात. मॉर्फिन या दाबणाऱ्या पेशींना गप्प करतं. मीही त्यांनाच गप्प करू पाहते, आणि आतड्याला, श्वासाला हात लावत नाही. कवटीवरच्या एका सांध्यापासून मिलिमीटरच्या शतांशात अंतर मोजायचं, केसासारखी सुई उतरवायची, मिनिटाला शंभर नॅनोलिटर सोडायचं आणि सुई काढण्याआधी दहा मिनिटं तशीच ठेवायची, नाहीतर द्रव सुईच्या वाटेनं वर चढतो.

2017 च्या उन्हाळ्यापर्यंत माझ्याकडे दोन वर्षांची मोजमापं होती. गरम पट्टीवर उंदीर पंजा उचलायला वेळ घेत होते. आलेख सुंदर होते. ऑगस्टमध्ये याच शहरातल्या संशोधकांचा निबंध आला: क्लोझापिन-एन-ऑक्साइड मेंदूत नीट शिरतच नाही. शरीरात त्याचं थोडं क्लोझापिन होतं आणि ते मेंदूत जाऊन ड्रेडला चिकटतं. क्लोझापिन म्हणजे स्किझोफ्रेनियावरचं औषध. ते मेंदूतल्या कितीतरी रिसेप्टरांना धरतं आणि त्यानं गुंगी येते. सगळ्या जगाच्या प्रयोगशाळा दहा वर्षं ज्या रेणूला मुका समजत होत्या, तो बोलत होता.

मी ड्रेड नसलेले, ड्रेडला जोडलेला असतो तो लाल रंगाचा मजकूर तेवढाच दिलेले उंदीर घेतले आणि त्यांना तोच डोस दिला. त्यांनीही पंजा उशिरा उचलला. ड्रेडवाल्यांइतका उशीर नव्हता, पण होता. त्या रात्री मी प्रयोगशाळेतच बसून राहिले. आपण दोन वर्षं काय मोजलं? पंजा न उचलणाऱ्या उंदराचं दुखणं गेलं होतं, की तोच गुंगीत गेला होता? ते बाहेरून सारखंच दिसतं. आणि मग आत्ती बोलली. दुखणं जातंय गं, पण त्याच्यासंगं मी बी जातो. हा प्रश्न तिनं मला आठ वर्षं आधी घालून दिला होता आणि मी पट्टीवरचे सेकंद मोजत बसले होते.

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगात ड्रेड नसलेले उंदीर असतात, तोच डोस घेणारे. रेणूही बदलला. 2020 मध्ये आलेलं डेस्क्लोरोक्लोझापिन फार कमी मात्रेत चालतं. आणि मी घरटी मोजू लागले. रात्री पिंजऱ्यात दाबलेल्या कापसाचा चौकोन ठेवायचा आणि सकाळी 1 ते 5 गुण द्यायचे. न शिवलेल्या कापसाला 1. दुखणारा उंदीर घरटं बांधत नाही, गुंगीतलाही बांधत नाही. ज्याचं दुखणं गेलं पण जो स्वतः राहिला, तोच बांधतो. दुखण्याच्या संशोधनात अशा मोजमापांना अजून पुरेसा मान नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

माणसापर्यंत हे आलंय का, असं मला गावाकडून विचारतात. वेगळ्या वाटेनं थोडं आलं होतं. नागिणीच्या नात्यातला हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू त्वचेतून मज्जातंतूत शिरून मणक्याशेजारच्या गाठींपर्यंत आपणहून चढतो, पत्ता त्याला जन्मतःच ठाऊक असतो. त्याला निष्प्रभ करून, शरीर स्वतः बनवतं त्या मॉर्फिनसारख्या एन्केफॅलिनचं जनुक त्यात घालून, कर्करोगाच्या असह्य वेदना असलेल्या दहा रुग्णांच्या त्वचेत टोचलं गेलं. निकाल 2011 मध्ये आला. सुरक्षित दिसलं, जास्त डोस घेतलेल्यांना आराम वाटला. पण दहा रुग्णांची आणि तुलनेचा गट नसलेली ती चाचणी होती. औषध म्हणून ते बाजारात पोचलेलं नाही.

जी पोचली त्यांची किंमत ऐकवत नाही. मणक्याच्या स्नायुक्षयावरच्या झोल्जेन्स्माची 2019 मध्ये सुमारे 21 लाख डॉलर, रक्त न गोठण्याच्या हिमोफिलिया बी या आजारावरच्या हेमजेनिक्सची 2022 मध्ये 35 लाख. दोन्ही एएव्हीच. एका गोळीसाठी रात्रीची एसटी धरणाऱ्या माणसाची मी मुलगी आहे, मला हे आकडे नुसते वाचता येत नाहीत. म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं लेंटिव्हायरस हा वेगळा विषाणू वापरून हिमोफिलिया ए च्या पाच रुग्णांचे रक्तस्राव थांबवल्याचं 2024 मध्ये वाचलं तेव्हा मी बाबांना मध्यरात्री उठवलं. त्याच्या आदल्या वर्षी पवईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलमध्ये घडलेल्या नेक्सकार19 या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला भारतात मान्यता मिळाली होती. तिथे विषाणू रुग्णाच्या टी-पेशींना नवा रिसेप्टर देतो, आणि त्या पेशी त्यानं कर्करोग ओळखतात. बाबांनी विचारलं, “दुखण्यावरचं कधी?” मी म्हटलं, उंदरांत चाललंय. ते म्हणाले, “उंदरांना नीट सांभाळ.”

गेल्या आठवड्यात तीन आठवडे पूर्ण झाले. मंगळवारी रेणू दिला, संध्याकाळी गरम पट्टी झाली, रात्री कापूस ठेवला. बुधवारी सकाळी वहीत लिहिलं: पिंजरा 7, पंजा उचलायला उशीर. कापूस पूर्ण पिंजलेला, घरट्याच्या भिंती उंदराच्या अंगापेक्षा उंच. गुण 5. ड्रेड नसलेल्या शेजारच्या उंदरानं पंजा नेहमीच्या वेळी उचलला होता, घरट्याला त्यालाही 5.

शुक्रवारी त्या सातव्या पिंजऱ्यातल्या उंदराच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. पीएजीत लाल पेशींचा दाट पुंजका होता, हवा तिथे. सुई ज्या वाटेनं गेली तिच्या कडेला, बरंच वर, आणखी काही लाल ठिपके होते. द्रव तेवढा चढला असावा. मी भिंग वाढवून ते मोजले. अकरा होते. पेन्सिलनं आकृती काढली आणि त्या अकराही पेशींचे पत्ते लिहून ठेवले.